आईला दाखवलेले रंग

माझ्या थोरल्या बहिणीने अंथरुणाला खिळलेल्या आईला जग दाखवलं, असं आमच्या नात्यागोत्यात सगळे म्हणतात. ते खोटं नाही. साताऱ्याच्या घरात, आईच्या खोलीत, तिने देशोदेशीचे फोटो लावले होते. एका भिंतीवर नुसते लाल, दुसरीवर पिवळे, तिसरीवर हिरवे. भेटायला येणारे आधी आईकडे बघून चेहरा पाडायचे आणि मग भिंतींकडे बघून उजळायचे. "नशीब काढलं म्हातारीनं. लेक असावी तर अशी." मी सांगलीहून आलेली असले की तिथेच चहाचा ट्रे घेऊन उभी असायचे. बहीण मान खाली घालून हसायची. ते हसू बघून मी ट्रे तिथेच ठेवून आत जायचे.

बहिणीला मी आक्का म्हणते. आमचं मूळ गाव शिराळ्याकडचं. वडील फौजेतून निवृत्त झाले, साताऱ्यात छोटं घर बांधलं आणि एका कारखान्याच्या गेटवर नोकरी धरली. आम्ही दोघी बहिणी, दोघींत बरंच अंतर. आक्का दिसायला देखणी. मी वडिलांवर गेले, ती कुणावर गेली कुणास ठाऊक. आणि तिला रंगांचं वेड. वेड म्हणजे खरंच वेड. कापडाच्या दुकानात ती तागे हातात घेऊन उन्हात न्यायची, दुकानदार ओरडेपर्यंत. नुसतं लाल म्हणून तिचं भागायचं नाही. हा तिखटाच्या डब्यातला लाल, हा डाळिंबाचा, हा नव्या कौलाचा. लग्नात तिने स्वतः निवडलेल्या साड्यांनी ट्रंक भरली होती. तिचं लग्न वाळव्याकडच्या एका जवानाशी झालं. दुसरं वर्ष लागायच्या आत डोंगरातल्या रस्त्यावर त्याचा ट्रक दरीत गेला.

त्याला तिरंग्यात गुंडाळून आणलं. गावात माणसांचा समुद्र लोटला होता. शाळेची पोरं रांगेने उभी केली होती. मीही शाळेतच होते, आईच्या पदराला धरून उभी होते, आणि माझ्या डोक्यात एवढंच होतं की आक्का रडत का नाही.

पुढे जे झालं ते तिच्या सासूने केलं नाही. लोकांना वाटतं सासूने केलं असेल. सासू बिचारी हात जोडत होती. "आवं, ऱ्हाऊ द्या. लेकरू हाय. आता कोन बघतंय ह्ये असलं?"

"न्हाई आवं," माझी आई म्हणाली, "आमच्यात चालत न्हाई. उद्या लोक तुमालाच नावं ठेवतील."

आणि आईने स्वतः आक्काचा हात पाटावर ठेवून दगडाने बांगड्या फोडल्या. बारीक काचेच्या गेल्या. एक जाड बांगडी होती, ती काही केल्या फुटेना. दोनतीनदा दगड हुकून आक्काच्या मनगटावर बसला. तेव्हा आईने मला साबण आणायला सांगितला. मी मोरीतून साबण आणला. आईने तो आक्काच्या हाताला चोळला, बांगडी ओढून काढली, पाटावर ठेवली आणि मग फोडली. काढलेली बांगडी फोडायची काय गरज होती, हे मला तेव्हाही कळलं नाही.

महिन्याभरात आई तिला साताऱ्याला घेऊन आली. सोबत ट्रंक. ट्रंक आईने ओसरीवर उघडली आणि साड्या वाटल्या. आत्याला, चुलत बहिणींना, शेजारणीला. आक्का दाराला टेकून बसली होती. कुणी साडी हातात घेऊन अवघडली की आई म्हणायची, "घे गं, तिला आता काय करायच्यात?" एक जांभळी साडी उरली. ती आईने कापून मला परकर शिवला, मशीन ओसरीवर ठेवून, आक्काच्या समोर. शिलाई वाकडी गेली तेव्हा आक्कालाच म्हणाली, "जरा धर की तिकडनं." आक्काने कापड धरलं.

त्यानंतर आक्काच्या अंगावर जे आलं त्याला आई ‘धुतल्या रंगाचं’ म्हणायची. बदामी, राखी, मातकट. एकदा आक्काच्या मैत्रिणीने तिला गुलाबी ड्रेस भेट दिला. आईने तो नाकारला नाही. सोड्याच्या उकळत्या पाण्यात घातला, काठीने ढवळला, पुन्हा उकळला. वाळल्यावर तो जुन्या बँडेजसारखा दिसायला लागला. "आता घाल," आई म्हणाली. "मी काय तुला घालू नको म्हनती का?"

वडील हे सगळं बघत नव्हते असं नाही. ते पेपर उघडून बसायचे. सीमेवर राहिलेला माणूस, पण घरात कधी पुढे झाला नाही.

आक्का शिकली, परीक्षा दिली, साताऱ्यातच सरकारी कचेरीत लागली. आम्हाला वाटलं आता सुटेल. पण सकाळी दारातून बाहेर पडताना आई तिला वरपासून खालपर्यंत बघायची. नागपंचमीला कासारीण गल्लीत यायची, घरोघरच्या बायका हात पुढे करून बसायच्या, तेव्हा आई आक्काला मागच्या दारी भांडी घासायला बसवायची. भांडी घासलेली असली तरी. मी एकदा आईला विचारलं होतं, असं का करतेस म्हणून. आई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "तिचं रूप लय वाईट हाय. झाकून ठिवलं न्हाई तर आपल्याला गाव सोडून जावं लागंल." तिला खरंच भीती होती. मी ते मान्य करते. पण भीती माणसाला एवढी चव देत नाही. आईला त्यात चव येत होती.

माझं लग्न सांगलीत झालं. आक्काने स्वतःच्या पगारातून माझं बरंच केलं. अक्षतांच्या आधी ती कार्यालयात आली ती फिकट पोपटी साडी नेसून, डाळिंबी काठ. काठ अगदी बारीक, बोटभर. तेवढं धाडस तिने माझ्या लग्नासाठी केलं होतं. आईने वरमाईशी बोलता बोलता तिला पाहिलं आणि तिथूनच हाक मारली.

"ह्ये काय नेसलीस? कुनाचं लगीन हाय? तुझं का तिचं?"

बायका हसल्या. सगळ्या नाही, पण हसल्या. मी मुंडावळ्या बांधून पाटावर बसले होते. आक्का आत गेली आणि राखी साडी नेसून आली. ती बॅगेत घेऊनच आली होती म्हणजे. आईने तिला आहेराच्या साड्या ठेवलेल्या खोलीत राखण करायला बसवलं, आणि माझ्यावर अक्षता पडल्या तेव्हा ती तिथेच होती, कुलूप लावलेल्या दाराच्या आत. चोरी होते म्हणून आईने बाहेरून कुलूप घातलं होतं.

नंतर एकदा तिच्या कचेरीतल्या बायका कासच्या पठारावर फुलं बघायला गेल्या. थंड वारं होतं म्हणून कुणीतरी आपली केशरी ओढणी आक्काच्या खांद्यावर टाकली आणि सगळ्यांचा फोटो काढला. त्या फोटोची प्रत आक्काने पुस्तकात ठेवली होती. आईला ती सापडली. आईने आरडाओरडा केला नाही. कात्री घेतली, नीट गोल करून तेवढी आक्का कापून काढली, चुलीत टाकली, आणि उरलेला फोटो पुन्हा पुस्तकात ठेवून दिला. बाकीच्या बायका त्यात हसत होत्या आणि मधोमध एक भोक. आक्काने मला ते दाखवलं तेव्हा आवाज न चढवता सांगितलं, "बघ, हात किती सफाईचा आहे तिचा."

मग वडील गेले. आईचं कुंकू गेलं, पण साड्या होत्या तशाच राहिल्या. हिरवं इरकल, लाल काठाची चौकड्याची, मोरपंखी. तेराव्यानंतर पहिल्याच सणाला आई मोरपंखी साडी नेसून बाहेर आली. मी माहेरी आलेली होते. आक्का गॅसपाशी उभी होती. तिने आईकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, "आई, आता?"

"आता काय?"

"तू रंगीत नेसलीस."

आईला प्रश्न कळायलाच वेळ लागला. कळल्यावर ती हसली. "माझी गोष्ट येगळी. मी पोरांची आई हाय. तुला मागं ना पुढं."

आक्काने गॅस बंद केला. भाजी अर्धी कच्ची होती. तशीच आम्ही जेवलो.

आईला लकवा मारला तो आक्का पन्नाशीच्या आसपास असताना. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डावा हात आणि डोळे शाबूत. डोकं शाबूत, हे डॉक्टरांनी आम्हाला दोनदा सांगितलं: "त्यांना सगळं समजतं, त्यांच्यासमोर बोलताना भान ठेवा." मी रडले. आक्काने विचारलं, "दिसतं का तिला नीट? रंग वगैरे?" डॉक्टर म्हणाले, व्यवस्थित दिसतं. मला तेव्हा तो प्रश्न काळजीचा वाटला.

दिवसभरासाठी एक बाई ठेवली, शिरवळकडची, अंगाने धिप्पाड, मनाने मऊ. ती आईला आजी म्हणायची. दर थोड्या वेळाने आईला कुशीवर वळवायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. आक्का कचेरीतून आली की आईचं सगळं करायची. त्यात कधी कसूर नव्हती. पोट साफ करण्यापासून नखं कापण्यापर्यंत. आईच्या अंगाला कधी वास आला नाही, कधी जखम झाली नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे.

मी आक्काला म्हणाले, आता तरी घे एखादी चांगली साडी. आम्ही दोघी दुकानात गेलो. दुकानदाराने समोर ढीग घातला. आक्काने एका पिवळ्या साडीवर हात ठेवला आणि तो तसाच राहिला. मग तिने हात काढला. "मोडली गं सवय. अंगावर घ्यायचं म्हटलं की घाम फुटतो." ती राखी साडी घेऊन बाहेर आली.

त्यानंतर तिने कॅमेरा घेतला आणि सहल कंपनीबरोबर परदेशात जायला लागली. रजा टाकायची, दिवसाच्या बाईला रात्रीही थांबवून घ्यायची, आणि जायची. आधी व्हिएतनाम. सहलीतले लोक तिला चक्रम समजत. ते देवळासमोर, बोटीत, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढत, आणि ही कुठेतरी मागे वाकून लाल बादलीचा फोटो काढत असायची. त्या सहलीत तिने दुसरा रंग टिपलाच नाही. लाल कंदील, लाल प्लास्टिकची स्टुलं, सायकलवर लादलेल्या लाल मिरच्या, लाल स्वेटर घातलेली म्हातारी, दोरीवर वाळणारा एकच लाल शर्ट. स्वतःचा एकही फोटो नाही.

साताऱ्यात तिने ते मोठे छापून घेतले आणि आईच्या समोरच्या भिंतीवर लावले. त्या रविवारी मी गेले होते. आक्काने पलंगाची डोक्याकडची बाजू उंच केली, आईच्या तोंडावरून ओला रुमाल फिरवला, चष्मा लावला आणि खुर्ची ओढून बसली. आवाज इतका गोड की मला आधी भरून आलं.

"बघ आई. हा लाल. कुंकवासारखा आहे ना? आणि ही म्हातारी बघ. तुझ्याएवढी असेल. नवरा मेलाय तिचा. मी गाईडला विचारायला लावलं. तरी लाल घालते. तिथं सगळ्याच घालतात. कुणी काही म्हणत नाही."

आईने डोळे मिटले.

"मीट. मला घाई नाही." आक्का खुर्चीत मागे टेकली. "उद्याही रजाच आहे."

पुष्कळ वेळ गेला. आईने डोळे उघडले. आक्का पुढे वाकली आणि तिथूनच पुढे सुरू झाली, "आणि हा शर्ट..."

मी स्वयंपाकघरात गेले.  बाहेर शेजारीण आली होती, दारातून डोकावून म्हणाली, "आईला जग फिरवून आनताय जनू!" आक्का म्हणाली, "हो ना. तिला कुठे जायला मिळालं होतं?"

दुसरी सहल पिवळी. युरोपातले ट्यूलिप, लिस्बनमधली पिवळी ट्राम, लिंबांच्या टोपल्या, तुर्कस्तानातल्या टॅक्सी. तिसरी हिरवी. बालीतली भातखाचरं, शेवाळलेली पायरी, एका दुकानात टांगलेल्या हिरव्या काचेच्या माळा. त्या माळांचा फोटो तिने आईच्या उशाजवळ लावला, आई उजव्या कुशीवर वळली की अगदी नाकासमोर येईल असा. बाईला तिने सांगून ठेवलं होतं, आईला कुठल्या वेळी कुठल्या भिंतीकडे वळवायचं ते. बाई भोळेपणाने तसं करायची. आणि रोज संध्याकाळी आक्का खुर्ची घेऊन बसायची. "ह्या हिरव्या काचा. अशाच होत्या ना माझ्या? साबण लावला होतास तू."

मी तिला फोनवर एकदा म्हणाले, "बास कर गं आक्का." ती म्हणाली, "काय बास करू? फोटो दाखवते. तू नाही का तुझ्या नातेवाईकांना लग्नाचा अल्बम दाखवत?" आणि फोन ठेवला.

मग जे झालं त्याचा तिने विचार केला नव्हता. मीही केला नव्हता.

आईला ते आवडायला लागलं.

आधी बाईच्या लक्षात आलं. मला म्हणाली, "आवं ताई, आजी आता पिवळ्या भिंतीकडंच त्वांड करा म्हनत्यात. हातानं दावत्यात. तिकडं वळीवल्या की गप ऱ्हात्यात, ग्वाड हसत्यात." मला खरं वाटेना. मी पलंगाजवळ बसून राहिले. पिवळ्या भिंतीवर खाली एक फोटो होता, कुठल्याशा देशातल्या बाजारात एक बाई मसाल्याच्या पिवळ्याधमक ढिगावर फळी फिरवत होती. आईची नजर त्याच्यावर खिळली होती. तिचं माहेर हळदीचं. हळद शिजवायच्या कायलीभोवती तिचं बालपण गेलेलं, हे ती पूर्वी सांगायची. तिचा डावा हात उठला, फोटोकडे गेला, आणि अर्ध्या तोंडातून आवाज निघाला, "ह... ह..."

"हळद?" मी म्हणाले. "आई, हळद म्हणतेस?"

आईचा अर्धा चेहरा हसला. डोळ्यांतून पाणी आलं. कित्येक महिन्यांत तिने पहिल्यांदा अक्षर काढलं होतं. बाईने टाळी वाजवली. मी आनंदाने कचेरीत फोन केला, "आक्का, आई बोलली! तुझा फोटो बघून बोलली!"

आक्का लगेच आली. चप्पल न काढता खोलीत आली आणि पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली. आईने तिच्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे हात केला, आणि तिच्याकडे बघून पुन्हा तसंच हसली. तिला वाटलं असावं, लेकीने हे आपल्यासाठी केलं. किंवा आता तरी तसं मानायचं तिने ठरवलं असावं. माझ्या बहिणीच्या चेहऱ्यावरचं सगळं रक्त उतरलेलं मी पाहिलं.

"छान," ती म्हणाली. आणि हात-पाय धुवायला गेली.

पुढच्या वेळी मी गेले तेव्हा भिंती बदललेल्या होत्या. लाल, पिवळे, हिरवे सगळे फोटो काढून टाकले होते. त्यांच्या जागी दुसरे, तेवढेच मोठे, तेवढेच नीट लावलेले. धुकं. ओलं सिमेंट. पावसाळी आभाळाखालचा समुद्र. एका विमानतळाची फरशी. राख. हेही तिनेच निरनिराळ्या देशांत टिपलेले, कधी टिपले होते कुणास ठाऊक. आईच्या उशाजवळ, हिरव्या माळांच्या जागी, नुसत्या विटलेल्या भिंतीचा फोटो होता.

आई छताकडे बघत पडली होती. मला पाहिल्यावर तिने डावा हात उचलून पिवळ्या भिंतीकडे दाखवलं, म्हणजे जिथे पिवळं होतं तिथे. "ह," ती म्हणाली. "ह. ह." मग तो हात तिने पलंगाच्या कठड्यावर आपटला. पुन्हा आपटला. बाईने येऊन धरला.

मी आक्काला अंगणात गाठलं. "कुठे आहेत ते फोटो?"

"ठेवलेत."

"परत लाव."

"का?"

"का म्हणजे? ती रडते आहे आत!"

"मला रडायलाही येत नव्हतं," आक्का म्हणाली. दोरीवरची आईची लुगडी ती काढत होती, नीट चौघडी घालत होती. "मी काय मारलं तिला? उपाशी ठेवलं? फोटोच तर बदललेत. जगात असंही असतं, तेही बघू दे."

"तू अशी नव्हतीस, आक्का."

"मी कशी होते ते तुला काय माहीत? तू जांभळा परकर घालून उड्या मारत होतीस."

 मी शाळकरी होते, पण तिला ते सांगून काय उपयोग? मी आत येऊन कपाटं उघडली, पोटमाळा बघितला, पलंगाखाली बघितलं. फोटो मिळाले नाहीत. माझ्या फोनवर पिवळ्या फुलांचं चित्र उघडून आईसमोर धरलं. तिने मान फिरवली. तिला ते नको होतं. तिला भिंत हवी होती.

दोन पावलं पुढे जाऊन मी भावकीला सांगायला हवं होतं, असं माझा नवरा म्हणतो. काय सांगणार होते? की माझी बहीण आईला रोज आंघोळ घालते, वेळेवर औषध देते, आणि तिच्या भिंतीवर धुक्याचे फोटो लावते?

आईचं खाणं कमी होत गेलं. आक्का चमच्या-चमच्याने पेज भरवायची, ओठाबाहेर आलेली पुसायची. "गिळ," म्हणायची, "गिळ गं." तो आवाज मात्र खोटा गोड नव्हता. त्यात काहीतरी घाबरलेलं होतं. पण फोटो तिने बदलले नाहीत. थंडी संपता संपता आई गेली, सकाळी, बाई कुशीवर वळवत असताना.

गावाकडून माणसं आली. आईला न्हाऊ घालायची वेळ झाली तेव्हा मी कपाटातून हिरवं इरकल काढलं. आजारी पडायच्या आधी आईने मला सांगून ठेवलं होतं, "मला ह्येच नेसवा. उगं पांढरं गुंडाळू नगा." मी ते सगळ्यांसमोर सांगितलं. वडिलांची बहीण, आमची आत्या, पुढे आली.

"येडी का काय तू? रांडमुंड बाईला हिरवं नेसवून न्यायची? गावात त्वांड दावायला जागा ऱ्हाईल का?"

दोघीतिघींनी माना डोलावल्या. जिवंतपणी आईच्या साड्यांबद्दल यांतली एकही बोलली नव्हती, तिला सगळ्या टरकून होत्या. मी आक्काकडे पाहिलं. घर तिचं, सेवा तिने केलेली, तिचा शब्द चालला असता. ती एक शब्द बोलली असती तर आईला हिरवं मिळालं असतं.

आक्का आतल्या खोलीत गेली आणि स्वतःच्या कपाटातली एक बदामी साडी घेऊन आली. खूप धुतलेली, पोत गेलेली. "ही नेसवा," ती म्हणाली. "जुनी आहे, पण स्वच्छ आहे." आणि माझ्या हातातलं इरकल काढून घेताना हळूच म्हणाली, "ऐकलंस ना? लोक नावं ठेवतील."

ते इरकल तिने दिवसाच्या बाईला देऊन टाकलं. तेराव्याच्या जेवणाला तेच नेसून ये म्हणाली. बाई बिचारी नेसून आली, पंगतीत वाढत फिरली, आणि आत्याने तिच्याच हातून बुंदी घेतली.

फोटो त्यानंतर सांगलीत एका हौशी मंडळाने प्रदर्शनात लावले. मला आधी माहीत नव्हतं, निमंत्रण व्हॉट्सॲपवर आलं. लाल दालन, पिवळं दालन, हिरवं दालन. करडे फोटो तिने दिले नव्हते. उद्घाटनाला बोलणाऱ्याने आक्काच्या मातृसेवेचं कौतुक केलं, आजारी आईसाठी रंग गोळा करत फिरणारी लेक म्हणाला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक म्हातारे गृहस्थ डोळे पुसत होते. माझी मुलगी कॉलेजातून मैत्रिणींना घेऊन आली होती, ती मला म्हणाली, "मावशी किती ग्रेट आहे ना?" मी हो म्हणाले.

संध्याकाळी आक्का माझ्याकडे उतरली. जेवणं झाली, घरातली माणसं टीव्हीपुढे बसली आणि आम्ही दोघी भांडी आवरत होतो. मी तिला सरळ विचारलं.

"आक्का, तुला बरं वाटलं का गं ते करून?"

तिने लपवाछपवी केली नाही. ओला हात थांबवून तिने खरोखर विचार केला.

"वाटलं," ती म्हणाली. "पहिले काही महिने लय बरं वाटलं. रोज कचेरीतून घरी जायची ओढ लागायची मला. एवढी ओढ मला नवरा होता तेव्हाही नव्हती."

"आणि मग?"

"मग ती मेली."

एवढंच. तिने ताटं पुसून फडताळात लावली. माझ्या पद्धतीने नाही, आईच्या पद्धतीने, उभी. मी ती नंतर आडवी केली.

आता ती निवृत्त झाली आहे आणि फिरायला जात नाही. सहल कंपनीकडून फोन येतात, जपान आहे, केनिया आहे, जुन्या प्रवाशांना सवलत आहे. ती नको म्हणते. कॅमेरा तिने विकून टाकला. आम्ही फोनवर बोलतो, गुडघ्यांबद्दल, पाण्याच्या वेळेबद्दल, माझ्या मुलीच्या नोकरीबद्दल. गेल्या महिन्यात मी साताऱ्याला गेले होते. आईच्या खोलीत तिने धान्याच्या कोठ्या ठेवल्या आहेत. निघताना ती मला स्टँडवर सोडायला आली. सांगलीची गाडी लागलेली होती. तिने माझी पिशवी चढवली, खिडकीची जागा धरून दिली आणि खाली उभी राहून म्हणाली, "पुढच्या वेळेला राहायला ये. दोन दिवस तरी. घरात कुणाशी बोलायला नाही."

मी म्हणाले, बघते. गाडी सुटली. मी अजून गेलेले नाही.